एंजिनाचा मेंदू कोणाच्या हाती?

सांगलीहून मिरजेकडे निघाले की वाटेत विश्रामबाग लागते. येथील अभियांत्रिकी महाविद्यालयाची स्थापना धोंडूमामा साठे यांनी १९४७ साली केली आणि १९५५ पासून त्याला वालचंद हिराचंदांचे नाव लाभले. वालचंद म्हणजे मुंबईत १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी उभारणारे उद्योजक. याच कंपनीच्या कारखान्यातून फियाट आणि पुढे पद्मिनी ही मोटार निघाली. येथून फार दूर नाही अशा किर्लोस्करवाडीस लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली आपला कारखाना वसविला, आणि त्याच घराण्याच्या उद्योगातून १९४६ मध्ये पुण्यास ऑइल एंजिनांची कंपनी निघाली. मोटार आणि एंजिन या दोन्ही वस्तूंच्या इतिहासाचे धागे असे आपल्या दाराशीच येऊन मिळतात. म्हणूनच आज या व्यासपीठावर एका लहानशा वस्तूचा इतिहास सांगण्याचे योजिले आहे. ही वस्तू तळहातावर मावेल एवढी पेटी आहे. तिला ईसीयू, म्हणजे एंजिनाचा नियंत्रक संगणक, म्हणतात. शर्यतीच्या मोटारीत मूळची पेटी काढून दुसरी बसविण्याची आणि ती जुळवून घेण्याची एक स्वतंत्र विद्याच आज निर्माण झाली आहे. ही विद्या कोणाची, हा माझा प्रश्न आहे.

यंत्राने स्वतःला आवरावे ही कल्पना संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. जेम्स वॉटने १७८८ साली वाफेच्या एंजिनाला दोन फिरते गोळे जोडले. वेग वाढला की गोळे बाहेर फेकले जात आणि वाफेची झडप मिटत जाई, वेग उतरला की ती पुन्हा उघडे. हाच गव्हर्नर. कृष्णाकाठच्या मळ्यात विहिरीवर धडधडणाऱ्या डिझेल एंजिनातही तोच, केवळ झडपेऐवजी तो तेलाच्या पंपाची दांडी सरकवीत असे. पाण्याचा भार वाढला की एंजिन क्षणभर दबे आणि मग सावरे. ते सावरणे शेतकऱ्याला कानाने कळत असे. एंजिनाची बुद्धी उघड्यावर होती. स्प्रिंगा आणि वजने डोळ्यांना दिसत, पान्याने कसता येत आणि गावातला मिस्त्री ती दुरुस्त करी.

पेट्रोलच्या मोटारीत हे काम दोघांत वाटलेले होते. हवेत पेट्रोल किती मिसळावे हे कार्बुरेटर ठरवी, आणि ठिणगी केव्हा पाडावी हे डिस्ट्रिब्युटर ठरवी. पद्मिनीच्या १०८९ घन सेंटिमीटरच्या एंजिनावर सोलेक्सचा कार्बुरेटर असे. त्यातील जेट म्हणजे पितळेचे बारीक भोक पाडलेले नळकांडे. ते बदलले की मिश्रण दाट किंवा पातळ होई. डिस्ट्रिब्युटरच्या पोटात दोन वजने आणि दोन स्प्रिंगा असत. वेग वाढेल तशी ती फाकत आणि ठिणगी लवकर पडे. मिस्त्री स्पार्क प्लग काढून त्याच्या टोकाचा रंग पाही. काजळी दिसली तर मिश्रण दाट, पांढरे पडले तर पातळ, आणि विटकरी तपकिरी असला तर ठीक. ही विद्या खरी होती. तिच्यात उणीव एवढीच की दोन वजने आणि दोन स्प्रिंगा फक्त एकच वक्ररेषा काढू शकतात. घाटाच्या चढावर, पावसाळ्याच्या गारव्यात आणि वैशाखातील उन्हात एंजिनाची गरज निरनिराळी असते. स्प्रिंगेला ते कसे कळावे?

संगणक एंजिनात आला तो वेगाच्या हौसेने आला असे पुष्कळांना वाटते. त्याला मुख्य रेटा मिळाला तो धुराने. अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात, हवा दूषित होऊ लागली आणि कायदे कडक झाले. बॉश कंपनीची विजेने चालणारी पेट्रोल फवारणी १९६७ साली फोक्सवागनच्या मोटारीत आली. १९७६ मध्ये धुरातील प्राणवायू मोजणारा संवेदक व्होल्वो मोटारीत बसला, आणि १९७९ मध्ये फवारणी व ठिणगी ही दोन्ही कामे एकाच संगणकाकडे देणारी मोट्रॉनिक ही पद्धत बीएमडब्ल्यूच्या गाडीत आली. यातील संवेदकाचा संबंध धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरशी आहे. हे उपकरण तीन विषारी वायू एकदम शमविते, पण त्यासाठी एक भाग पेट्रोलास सुमारे १४.७ भाग हवा हे वजनी प्रमाण जवळजवळ नेमके सांभाळावे लागते. जेटच्या भोकाला हे साधत नाही. मोजणारा, हिशेब करणारा आणि चूक सुधारणारा कोणीतरी लागतो.

आपल्याकडे हाच क्रम पंचवीस-तीस वर्षांनी घडला. १९९५ मध्ये चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि शिशाविना पेट्रोल तेथे मिळू लागले, कारण शिसे कन्व्हर्टरचा नाश करते. २००० साली देशभर नवे प्रदूषण-नियम आले. मोटारींतून कार्बुरेटर निघून गेला. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा लागू झाल्यावर दुचाकींतूनही तो गेला. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. हवेचा लाभ झाला यात शंका नाही. परंतु या लाभाबरोबर एक गोष्ट हातची गेली. पूर्वी उघड्यावर असलेली एंजिनाची बुद्धी मोहोरबंद पेटीत गेली, आणि मिस्त्रीच्या हाती उरला तो फक्त दोषाचा क्रमांक वाचणारा एक फलक.

ती पेटी पुन्हा उघडण्याचे काम केले शर्यतवाल्यांनी. ऑस्ट्रेलियात १९८०च्या दशकात हॅलटेक आणि मोटेक या कंपन्यांनी कोणत्याही एंजिनावर बसविता येतील असे संगणक विकावयास आणले. २००१च्या सुमारास अमेरिकेत ब्रूस बाउलिंग आणि अल ग्रिपो या दोघांनी मेगास्क्वर्ट नावाचा संच काढला. तो हौशी माणसाने स्वतः डाग देऊन जोडायचा असे. त्यामुळे पेटीत काय चालते हे हजारो सामान्य माणसांना प्रथमच समजले. आपल्या देशात बंगळूरच्या रेस डायनॅमिक्सने पॉवरट्रॉनिक हा संगणक तयार केला. तो मूळ संगणकाच्या जोडीला बसतो आणि एंजिनाकडे जाणारे संदेश वाटेत दुरुस्त करतो.

येथे निवड कशी करावी हा प्रश्न येतो. मार्ग तीन आहेत. मूळ पेटीतीलच आकडे बदलणे, हा पहिला. तिच्या जोडीला दुसरी पेटी बसविणे, हा दुसरा. आणि मूळ पेटी काढून संपूर्ण स्वतंत्र पेटी बसविणे, हा तिसरा. एंजिन जवळजवळ मूळचेच असेल तर पहिले दोन पुरतात. एंजिनाचा श्वासच बदलला असेल तर तिसरा घ्यावा लागतो. याचे उत्तम उदाहरण आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांचे विद्यार्थी देतात. विद्यार्थ्यांनी स्वतः बांधलेल्या शर्यती-मोटारींच्या स्पर्धांत नियम असा की पेट्रोल एंजिनाला जाणारी सारी हवा २० मिलिमीटर व्यासाच्या एकाच गळ्यातून जावी. अनेक संघ चाकणला बनणाऱ्या केटीएम दुचाकीचे ३७३ घन सेंटिमीटरचे एंजिन घेतात. पण हा गळा बसविला की कारखान्याने भरलेले सारे आकडे खोटे ठरतात. तेथे नवा संगणक ही हौस राहत नाही, ती गरज होते.

घेताना किमतीच्या आधी चार गोष्टी पाहाव्यात. सिलिंडर, फवारे आणि कॉइल जितकी आहेत तितकी ती पेटी चालवू शकते काय? क्रँकवरील दातेरी चक्राची खूण ती ओळखते काय? एंजिनात ठोका, म्हणजे नॉकिंग, झाल्यास तिला ऐकू येते काय? आणि चौथी, सर्वांत महत्त्वाची: ती जुळविणारा जाणता माणूस आपल्या गावाच्या टप्प्यात आहे काय? ज्याचा आकडा कोणी वाचू शकत नाही अशी उंची पेटी घेण्यापेक्षा साधी पण समजलेली पेटी बरी.

जुळविण्याचा क्रमही ठरलेला आहे, आणि घाई करणाऱ्याला तो शिक्षा करतो. मिनिटाला ६००० फेऱ्या घेणारे एंजिन एक फेरी सेकंदाच्या शंभराव्या भागात पुरी करते. तिच्यातील एक अंश म्हणजे सेकंदाचा सुमारे छत्तीस हजारावा भाग. म्हणून प्रथम ठिणगी एका अंशावर स्थिर ठेवून, टायमिंग लाइटच्या झोतात पुलीवरची खूण पाहून, संगणकाचा अंश आणि लोखंडाचा अंश एकच आहे याची खात्री करावी. मग फवाऱ्यांचे माप आणि बॅटरीचा दाब उतरल्यास त्यांना उघडण्यास लागणारा उशीर भरावा. त्यानंतर इंधनाचा तक्ता. सोळा आडव्या आणि सोळा उभ्या ओळी धरल्या तर त्यात २५६ घरे होतात. हलक्या भारापासून आरंभ करून जड भाराकडे जावे. पूर्ण जोरात मिश्रण साडेबारा ते तेराच्या आसपास दाट ठेवतात. ठिणगी शेवटी. डायनोवर एकेक अंश पुढे न्यावा, आणि जोर वाढण्याचे थांबले की तेथेच थांबावे. त्यापुढे लाभ नसतो, नॉकिंग असते, आणि नॉकिंग पिस्टनला भोक पाडते. थंड एंजिन चालू करण्याचे आकडे सर्वांत चिवट, कारण एंजिन पुरते थंड होण्यास रात्र जावी लागते, म्हणून दिवसाला एकच प्रयोग होतो. प्लगचा रंग पाहणाऱ्या जुन्या मिस्त्रीपाशी जो धीर होता, तोच येथे लागतो. साधन बदलले, वृत्ती बदललेली नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पेटी उघडण्याचा अधिकार कोणाचा? कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ याचे कलम ५२ कारखान्याच्या मूळ नमुन्यापासून दूर जाणारे फेरफार रस्त्यावरील वाहनात करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा बजावले. त्यामागे तत्त्व आहे. एंजिन माझे असले तरी त्याचा धूर माझा एकट्याचा नसतो. ज्याला आकडे बदलण्याची हौस आहे त्याने ती शर्यतीच्या मैदानावर आणि प्रयोगशाळेत भागवावी.

परंतु मोहोर लावली म्हणजे प्रामाणिकपणा आला असेही नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवागनच्या डिझेल मोटारींचे प्रकरण उघडकीस आले. चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करण्याची युक्ती कारखान्यानेच मोहोरबंद पेटीत लिहून ठेविली होती. जगभरच्या सुमारे एक कोटी दहा लाख गाड्या त्यात निघाल्या. आपल्याकडे पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनने तपास केल्यावर सुमारे सव्वातीन लाख गाड्या परत बोलाविण्याचे त्या वर्षी डिसेंबरात जाहीर झाले. गॅरेजातील हौशी माणसाने एक गाडी बिघडविली असती, येथे बंद पेटीच्या आडून लाखो बिघडविल्या गेल्या. आणि हे उघडकीस आणले ते गाडीच्या धुराला यंत्र लावून रस्त्यावर मोजणाऱ्या संशोधकांनी.

म्हणून माझे मत असे की पेटी बदलण्याचा अधिकार मर्यादित असावा, पण पेटी वाचण्याची विद्या मर्यादित असू नये. पेटीवर मोहोर असो, तिच्या ज्ञानावर मोहोर असता कामा नये. विश्रामबागेतला एखादा विद्यार्थी २५६ घरांचा तक्ता पुढे घेऊन रात्रभर बसतो, तेव्हा तो केवळ शर्यतीची गाडी जुळवीत नसतो. मळ्यातल्या एंजिनाचा आवाज ऐकून भार ओळखणाऱ्या शेतकऱ्याच्या आणि प्लगचा रंग पाहणाऱ्या मिस्त्रीच्या हातून निसटलेले ज्ञान तो पुन्हा या मातीत आणीत असतो. ते त्याच्या हाती राहील असे करणे हे आपणा सर्वांचे काम आहे.