कांचनजुंगाच्या अलीकडे पाच फूट

२५ मे १९५५. दुपार कलली आहे. ८५८६ मीटर उंच कांचनजुंगाच्या माथ्याखाली, एका उभ्या भेगेपाशी तुम्ही उभे आहात. वर गिर्यारोहक जो ब्राउन आहे, मँचेस्टरचा, बांधकामावर पोट भरणारा. ऑक्सिजन वाढवून त्याने भेगेत हात खुपसलेत. खाली जॉर्ज बँड दोर सांभाळतोय. असल्या भेगा तुम्ही सह्याद्रीत हसतखेळत चढला असाल. इथे दोन हालचाली केल्या की छाती भात्यासारखी चालते.

ब्राउन वर पोचतो. पुढे बर्फाचा शंकू, वीसेक फुटांवर, पाचेक फूट उंच. ती शेवटची पावलं मात्र कोणी टाकत नाही. माथा देवाचा, तिथे पाय पडणार नाही, असा शब्द मोहिमेचा नेता चार्ल्स इव्हान्स याने सिक्कीमला दिलाय. पाहायला आसपास चिटपाखरू नाही, तरी दोघं थांबतात. मला या मोहिमेत हे थांबणं त्या भेगेच्या चढाईपेक्षा मोठं वाटतं. (दुसऱ्या दिवशी याच मोहिमेतले हार्डी आणि स्ट्रीदर येतात आणि भेगेला वळसा घालणारी सोपी वाट काढतात. ब्राउनला काय वाटलं असेल!)

आता खाली यालुंग हिमनदीकडे उतरा, ५० वर्षं मागे. १ सप्टेंबर १९०५. हिमलोट सुटतो, तेव्हाच्या मोहिमेतला स्विस अलेक्सिस पाश आणि तीन हमाल गाडले जातात. आरडाओरड ऐकूनही त्या मोहिमेचा नेता ॲलिस्टर क्राउली वरच्या तंबूतून हलत नाही. पाशची कबर इथेच राहते. १९५५ची मंडळी याच वाटेने वर गेली.

तीच बाजू, १५ मे २०१९. तुमच्या पुढच्या दोराला पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ या गिर्यारोहण संस्थेचे लोक आहेत. रात्रभर हेडलॅम्पच्या उजेडात दोरावरची जुमारची पकड सरकवत आल्यावर पहाटे कोणाच्या तोंडून शब्द फुटत नाही. रूपेश खोपडे, आशिष माने, जितेंद्र गवारे, प्रसाद जोशी... एकाच मोहिमेतले दहा जण शिखर गाठतात. संस्थेचं हे सातवं आठहजारी शिखर. नेते उमेश झिरपे खाली तळावर खबर येण्याची वाट पाहताहेत. त्यांना ठाऊक आहे, शिखर गाठलं म्हणजे मोहीम निम्मीच झाली. त्याच सुमारास वरच्या उतारावर बंगालच्या दोघा गिर्यारोहकांची ताकद संपते. ते परतत नाहीत. तुम्ही सिलिंडरचा काटा बघता आणि उतरायला लागता.