हिनो मोटर्स

मध्यम व जड वजनाचे ट्रक आणि बस बनवणारी जपानी कंपनी. मुख्यालय टोकियो महानगराच्या पश्चिम भागातील हिनो या शहरात. कंपनी आपली स्थापना १ मे १९४२ पासून मोजते. पण तिचे मूळ त्याच्या ३२ वर्षे मागे, दिव्यांच्या धंद्यात सापडते.

१९१० साली स्थापन झालेली टोकियो गॅस इंडस्ट्री ही कंपनी गॅसच्या दिव्यांची मँटल आणि इतर उपकरणे बनवी. विजेचे दिवे पसरू लागल्यावर नुसत्या गॅसवर भागेना. तेव्हा १९१३ मध्ये तिने नावात ‘इलेक्ट्रिक’ जोडले आणि जपानी नावाच्या संक्षेपावरून ती ‘गासुदेन’ म्हणून ओळखली जाऊ लागली. जपानचे माजी पंतप्रधान मात्सुकाता मासायोशी यांचे पुत्र मात्सुकाता गोरो हे तिचे अध्यक्ष होते. पहिल्या महायुद्धात युरोपच्या रणांगणावर मोटार-वाहनांनी काय साधले हे जपानी लष्कराने पाहिले होते. त्याला ट्रक हवे होते, पण शांततेच्या काळात ते स्वतः पोसण्याची तयारी नव्हती. त्यातून १९१८ चा लष्करी मोटार अनुदान कायदा आला. ठरलेल्या मापाचा ट्रक बनवणाऱ्याला आणि तो विकत घेणाऱ्याला, दोघांनाही सरकार पैसे देई. बदल्यात युद्ध सुरू झाले की ट्रक लष्कराच्या ताब्यात जाई. गासुदेनचा ‘टीजीई-ए’ हा या कायद्याखाली मान्यता मिळालेला पहिला ट्रक. त्याच्यामागे होशिको इसामू हे अभियंते होते. हिनोच्या इतिहासात त्यांना संस्थापकाचाच मान दिला जातो, आणि तो रास्त आहे. नुसत्या लष्करी मागणीवर इंजिने तयार होत नसतात.

तरीही अनुदानावर वाढलेला हा उद्योग बाजारात दुबळाच राहिला. १९२३ च्या कांतो भूकंपात टोकियोची ट्राम उद्ध्वस्त झाली, तेव्हा शहराने घाईघाईने फोर्डच्या सांगाड्यांवर बस उभारून वेळ निभावली. पाठोपाठ फोर्डने योकोहामात आणि जनरल मोटर्सने ओसाकात जोडणीचे कारखाने काढले आणि जपानी रस्ते अमेरिकन गाड्यांनी भरून गेले. गासुदेन, इशिकावाजिमा वगैरे देशी कारखान्यांना किमतीत त्यांची बरोबरी करणे शक्य नव्हते. अखेर १९३६ च्या मोटार उत्पादन कायद्याने परदेशी कंपन्यांचे हातपाय बांधले आणि देशी कंपन्यांना एकत्र येण्यास भाग पाडले. १९३७ मध्ये गासुदेनचा मोटार विभाग इतरांबरोबर टोकियो ऑटोमोबाइल इंडस्ट्रीत विलीन झाला. १९४१ मध्ये तिचे नाव डिझेल मोटर इंडस्ट्री झाले. पुढची इसुझू ती हीच. दुसऱ्याच वर्षी हिनो येथील कारखाना तिच्यातून वेगळा करून हिनो हेवी इंडस्ट्रीज ही स्वतंत्र कंपनी काढण्यात आली. आज एकमेकींच्या कडव्या स्पर्धक असलेल्या हिनो आणि इसुझू या दोन्ही कंपन्यांचे गोत्र असे एकच आहे.

गासुदेनचे एक काम मोटारींच्या इतिहासात सहसा येत नाही. टोकियो इंपीरियल विद्यापीठाच्या विमानविद्या संस्थेने आखलेले ‘कोकेन’ हे लांब पल्ल्याचे विमान तिने बांधले. मे १९३८ मध्ये या विमानाने न उतरता सुमारे ६२ तास घिरट्या घालून ११,६५१ किमी. अंतर कापले आणि बंदिस्त मार्गावरील जागतिक विक्रम केला.

युद्धकाळात हिनोचा कारखाना लष्करासाठी पुढे चाके व मागे पट्टे असलेली चिलखती वाहने बनवत होता. शरणागतीनंतर ते काम बंद झाले. १९४६ मध्ये ‘हेवी’ शब्द गाळून कंपनीने नागरी उत्पादनाकडे मोर्चा वळवला आणि लष्करी वाहनांसाठी विकसित केलेल्या हवेने थंड होणाऱ्या डिझेल इंजिनावर टी-१०/२० हा जोड-ट्रक काढला. मोडलेल्या रेल्वे आणि इंधनाची टंचाई या परिस्थितीत एकाच खेपेत भरपूर माल नेणारे वाहन लोकांना हवेच होते. हीच युक्ती पुढच्या वर्षी माणसांसाठी वापरली गेली: पुढे ओढणारे इंजीन, मागे प्रवाशांनी भरलेला लांबलचक डबा. अशा ट्रेलर-बस युद्धोत्तर टोकियोत काही वर्षे धावल्या. वळणावर त्या अवघड जात, म्हणून पुढे एकसंध सांगाड्याच्या मोठ्या बस आल्या तशा त्या मागे पडल्या. १९५२ साली हिनोने गाडीच्या तळाखाली, मधोमध इंजीन असलेली ‘ब्लू रिबन’ बस आणली. इंजीन खाली गेल्याने आतली जवळजवळ सगळी लांबी आसनांना मोकळी झाली. हे नाव कंपनीने पुढील अनेक पिढ्यांच्या बसना दिले. १९४८ मध्ये हिनो डिझेल इंडस्ट्री आणि १९५९ मध्ये हिनो मोटर्स असा नावाचा प्रवास झाला. उत्पादन आणि विक्रीच्या वेगळ्या कंपन्या १९९९ मध्ये एक झाल्या.

प्रवासी मोटारींत हिनोने घातलेले लक्ष हा तिच्या इतिहासातील सर्वांत देखणा, पण तोट्याचा अध्याय म्हणावा लागेल. १९५० च्या दशकारंभी जपानच्या व्यापार व उद्योग मंत्रालयाने परदेशी मोटारी परवान्याने बनवण्यास मुभा दिली. निस्सानने ऑस्टिन, इसुझूने हिलमन आणि हिनोने रेनो ४सीव्ही निवडली. १९५३ पासून हिनोत जोडलेली ही मागे इंजीन असलेली लहानशी गाडी टोकियोत टॅक्सी म्हणून खूप चालली. हळूहळू तिचे सुटे भाग देशातच बनू लागले. त्या अनुभवावर हिनोने १९६१ मध्ये ‘कॉन्तेसा ९००’ आणि १९६४ मध्ये ‘कॉन्तेसा १३००’ या स्वतःच्या गाड्या आणल्या. दुसरीचा आकार इटालियन रचनाकार जोव्हानी मिकेलोत्ती यांनी दिला होता. कॅलिफोर्नियात पीट ब्रॉक यांच्या पथकाने ती शर्यतीतही उतरवली. गाडी सुंदर होती. पण टोयोटाची ‘कोरोना’ आणि निस्सानची ‘ब्लूबर्ड’ यांच्यापुढे टिकण्याइतकी विक्री-यंत्रणा हिनोकडे नव्हती, आणि या गाड्यांसाठी खास उभारलेला हामुरा येथील नवा कारखाना गळ्यात पडला होता. आयात खुली होण्याआधी देशी कंपन्यांनी एकत्र यावे असा मंत्रालयाचा आग्रह होता. प्रिन्स ही कंपनी निस्सानमध्ये विरली ती याच सुमारास. ऑक्टोबर १९६६ मध्ये हिनोने टोयोटाशी करार केला आणि पुढच्या वर्षी कॉन्तेसाचे उत्पादन थांबवले. हामुरात टोयोटाची वाहने बनू लागली. १९६८ मध्ये आलेली पहिली ‘हायलक्स’ हिनोनेच आखली आणि बनवली होती. जगभर टोयोटाच्या नावाने गाजलेल्या या गाडीचे श्रेय हिनोला क्वचितच कोणी देते.

मोटारींचा नाद सुटल्यावर ट्रकवर सगळे लक्ष एकवटले. मध्यम वजनाचा ‘रेंजर’, जड ‘प्रोफिया’, १९९९ पासून हलका ‘दुत्रो’ अशी मालिका तयार झाली. मध्यम व जड ट्रकांच्या जपानी बाजारात १९७० च्या दशकापासून हिनो दीर्घकाळ पहिल्या क्रमांकावर राहिली. थायलंड, इंडोनेशिया, पाकिस्तान येथे जोडणीचे कारखाने निघाले. टोयोटाने २००१ मध्ये आपला वाटा ५०.१ टक्क्यांवर नेला आणि हिनो तिची उपकंपनी झाली. बसचा व्यवसाय मात्र तिने जुन्या भाऊबंदांशी, म्हणजे इसुझूशी, ‘जे-बस’ या संयुक्त कंपनीत एकत्र केला.

तंत्राच्या बाजूने पाहता १९९१ ची संकर-बस हे हिनोचे मोठे काम होय. ‘एचआयएमआर’ या पद्धतीत डिझेल इंजिनाच्या गतिचक्रापाशीच एक विद्युत यंत्र बसवलेले असे. ब्रेक लावताना ते जनित्र होऊन बॅटऱ्या भरी आणि गाडी सुटताना मोटर होऊन इंजिनाला हात देई. वारंवार थांबणाऱ्या शहरी बसला आणि घाटरस्त्यांना ही रचना चांगली जुळते. टोयोटाची ‘प्रियस’ बाजारात येण्यास तेव्हा सहा वर्षे अवकाश होता. १९९१ मध्येच हिनोचे ट्रक डकार रॅलीत प्रथम उतरले आणि १९९७ मध्ये त्यांनी ट्रक गटातील पहिले तिन्ही क्रमांक पटकावले. हिनोचे प्रसिद्ध चालक सुगावारा योशिमासा १९८३ ते २०१९ या काळात सलग ३६ वेळा या रॅलीत उतरले.

भारतात १९८० च्या दशकात टोयोटा, माझदा, मित्सुबिशी, निस्सान या नावांचे हलके ट्रक भारतीय भागीदारांसह आले. हिनो त्यांत नव्हती. ती आली इंजिनाच्या रूपाने. अशोक लेलँडने त्या दशकात हिनोकडून ‘एच’ मालिकेच्या सहा-सिलिंडर इंजिनाचे तंत्र घेतले आणि ते कंपनीच्या ट्रक-बसचा कणा बनले. एसटीच्या ताफ्यात लेलँडच्या गाड्या वर्षानुवर्षे धावत आल्या असल्या, तरी हिनो हे नाव महाराष्ट्रातल्या प्रवाशाला अपरिचितच राहिले. २०१७ मध्ये दोन्ही कंपन्यांनी पुन्हा सहकार्याचा करार केला.

४ मार्च २०२२ रोजी हिनोने स्वतःच कबुली दिली की इंजिनांच्या प्रमाणनासाठी सरकारला दिलेली उत्सर्जनाची आणि इंधनखर्चाची माहिती खोटी होती. टिकाऊपणाच्या चाचणीत धूर शुद्ध करणारा भाग अर्ध्यावर बदलला गेला होता. इंधनाच्या मोजमापात सोयीचे आकडे मिळतील असे उपकरण फिरवले गेले होते. भू-परिवहन मंत्रालयाने संबंधित इंजिनांची मान्यता रद्द केली. ऑगस्टमधील चौकशी समितीच्या अहवालाने गैरप्रकार किमान २००३ पर्यंत मागे नेले. त्याची कारणेही अहवालात आहेत. जड वाहनांसाठी इंधन-कार्यक्षमतेचे निकष ठरले, ते गाठणाऱ्या वाहनांना करसवलत मिळणार होती, आणि वरिष्ठांनी ‘गाठायचेच’ म्हणून सांगितलेले लक्ष्य शक्य नाही असे म्हणण्याची सोय खालच्या अभियंत्यांना नव्हती. विभागांमध्ये भिंती होत्या आणि चाचणी करणाऱ्यांवर देखरेख करणारे वेगळे कोणी नव्हते. टोयोटाच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या व्यापारी वाहनांच्या गटातून हिनोला वगळण्यात आले. अमेरिकेत २०१० ते २०२२ या काळातील १,०५,००० हून अधिक इंजिनांच्या प्रकरणी कंपनीने २०२५ मध्ये गुन्हा कबूल केला. दंड, भरपाई मिळून तडजोडीची रक्कम १.६ अब्ज डॉलरच्या वर गेली. हे काही हाताखालच्या चार माणसांचे पाप नव्हते. गासुदेनच्या दिवसांपासून सरकारी मापात बसणे हेच या घराण्याचे भांडवल होते. माप खोटे ठरल्यावर कंपनीजवळ दाखवण्यासारखे फारसे उरले नाही.

मे २०२३ मध्ये टोयोटा आणि जर्मनीची डाइमलर ट्रक यांनी हिनो आणि मित्सुबिशी फूसो यांना एकत्र आणण्याचे जाहीर केले. अंतिम करार जून २०२५ मध्ये झाला. हिनो आणि फूसो या दोघींची मालकी ज्या नव्या कंपनीकडे असेल तिला ‘आर्कियन’ हे नाव देण्यात आले, तिच्या प्रमुखपदी फूसोचे कार्ल डेपेन यांची निवड झाली आणि कामकाज सुरू करण्यासाठी १ एप्रिल २०२६ हा दिवस ठरला. हामुराचा कारखाना टोयोटाकडे देण्याचेही याच व्यवहारात ठरले.