कौल सरोवराचा, वाचन मठाचे

ल्हासाच्या आग्नेयेला, पाच हजार मीटरहून अधिक उंचीवर, ल्हामो लात्सो नावाचे छोटेसे सरोवर आहे. ‘लात्सो’ म्हणजे प्राणसरोवर. पाल्देन ल्हामो या रक्षक देवतेचा प्राण त्यात वसतो, अशी तिबेटी श्रद्धा. म्हणून पुढच्या दलाई लामांच्या शोधात या पाण्याचा कौल घेतात. अभ्यासकाने मात्र आधी खालच्या खोऱ्यातल्या चोखोरग्याल मठाकडे पाहावे. गेंदुन ग्यात्सो यांनी तो १५०९मध्ये स्थापन केला. ‘दलाई लामा’ ही पदवी मंगोल राजा अल्तान खानाने सोनम ग्यात्सो यांना दिली ती १५७८मध्ये. गेंदुन ग्यात्सो मागाहून ‘दुसरे’ ठरले. म्हणजे पदवीपेक्षा मठ जुना! सरोवराच्या कौलाला राजमान्यता मिळाली ती या मठामुळे, असे माझे मत आहे.

तेरावे दलाई लामा डिसेंबर १९३३मध्ये निवर्तले. १९३५मध्ये राजप्रतिनिधी रेटिंग रिनपोचे सरोवरावर गेले. त्यांना पाण्यात अ, क, म ही तिबेटी अक्षरे दिसली. पाठोपाठ पिरोजी-सोनेरी छपराचा तीनमजली मठ आणि विचित्र पन्हळींचे एक लहान घर. ‘अ’ म्हणजे आम्दो प्रांत, ‘क’ म्हणजे तिथला कुंबुम मठ, असा अर्थ लावून शोधपथक निघाले. ताक्त्सेर गावातल्या ज्या घरी ते पोहोचले, त्याच्या पन्हळी जुनिपरच्या वेड्यावाकड्या फांद्यांच्या होत्या. ‘म’चा उलगडा मात्र नंतर झाला: क आणि म मिळून गावावरच्या डोंगरातला कर्मा रोल्पाई दोर्जे यांचा मठ. अक्षरे तीन, अर्थ एकाहून अधिक. कोणता धरायचा हे माणसांनी ठरवले.

एक गोष्ट पाण्यात दिसली नव्हती. त्या प्रदेशाचा मुस्लिम सुभेदार मा बुफांग मुलाला सोडेना. आधी एक लाख चिनी डॉलर, मग आणखी तीन लाख, अशी त्याची मागणी वाढत गेली. मूल ल्हासाला पोहोचायला १९३९चा ऑक्टोबर उजाडला.

या वाचनाच्या अधिकारावर बीजिंगचा डोळा जुनाच. १७९३मध्ये छिंग दरबाराने सोन्याच्या कलशातून चिठ्ठी काढण्याची पद्धत घालून दिली. २००७च्या आदेशाने पुनर्जन्मालाही सरकारी मंजुरी सक्तीची झाली. सांस्कृतिक क्रांतीत चोखोरग्याल उद्ध्वस्त झाला. २ जुलै २०२५ रोजी दलाई लामांनी जाहीर केले, की पुढचा अवतार ओळखण्याचा अधिकार केवळ गादेन फोद्रांग न्यासाला राहील. ती घोषणा झाली हिमालयाच्या अलीकडे, धर्मशाळेत. सरोवर पलीकडे, चीनच्या ताब्यात आहे.