बर्फावरची फळी आणि लेकींचा खेळ



आपल्या तिसगावात बर्फ म्हटलं की रसवंतीवरची लादी आठवते. पण पाथर्डी तालुक्यात ज्यांच्या घरचं कुणी फौजेत आहे, त्या घरांमध्ये काश्मीरच्या बर्फाच्या गोष्टी निघतातच. त्याच बर्फावर मुली एका फळीवर उभ्या राहून डोंगरउतारावरून घसरत येतात. या खेळाला स्नोबोर्डिंग म्हणतात. आज त्याचा इतिहास सांगते, कारण त्याची सुरुवात एका घरातल्या लेकींपासून झाली आहे.

स्की हा खेळ फार जुना आहे. त्यात दोन्ही पायांना दोन लांब, अरुंद पट्ट्या बांधतात. स्नोबोर्डला मात्र एकच रुंद फळी असते आणि तिच्यावर आडवं उभं राहायचं असतं. १९६५ सालच्या नाताळाच्या दिवशी अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात शर्मन पॉपेन नावाच्या गृहस्थाने लेकींना खेळायला म्हणून दोन स्की एकमेकींना जोडल्या. त्यांची पत्नी नॅन्सी तेव्हा गरोदर होती आणि पोरींनी घरात घातलेल्या धिंगाण्याने वैतागली होती. पोरी त्या जोडफळीवर उभ्या राहून घसरू लागल्या. नॅन्सीने त्या खेळण्याला ‘स्नर्फर’ असं नाव दिलं. बर्फ म्हणजे स्नो आणि लाटांवरचा खेळ म्हणजे सर्फ, या दोन शब्दांचा तो जोड आहे. पुढे एका कंपनीने ही फळी बाजारात आणली आणि ती लाखांनी खपली.

त्या फळीला पाय बांधायची सोय नव्हती, पुढे फक्त एक दोरी होती. १९७७ साली जेक बर्टन कार्पेंटर या तरुणाने व्हरमाँट राज्यात फळ्या तयार करायला सुरुवात केली. फळीला पाय अडकवायचे पट्टे बसले आणि खेळणं होतं त्याचा खेळ झाला. पण स्कीच्या मैदानांचे मालक या पोरांना आत घेईनात. म्हणायचे, हे धोक्याचं आहे. १९८३ साली व्हरमाँटमधल्या स्ट्रॅटन डोंगराने दार उघडलं. सुरुवातीला काही ठिकाणी तर परीक्षा दिल्याशिवाय वर सोडत नसत.

बायकांची अडचण आणखी वेगळी होती. बूट आणि फळ्या बहुतेक पुरुषांच्याच मापाच्या असायच्या. बूट सैल असला की टाच आत उचलली जाते आणि फळी ऐकत नाही. शॅनन डन आणि टीना बॅसिच या खेळाडूंनी बायकांच्या मापाच्या फळ्यांचा आग्रह धरला. १९९६ साली या दोघींनी मैत्रिणींना बरोबर घेऊन स्तनाच्या कर्करोगाबद्दल तरुण मुलींना जागं करणारी संस्थाही उभी केली, कारण त्यांच्यातल्याच एका तरुण मैत्रिणीला तो आजार झाला होता.

१९९८ साली जपानमधल्या नागानो इथे स्नोबोर्डिंग ऑलिंपिकमध्ये आलं, आणि पहिल्याच वर्षी पुरुषांबरोबर बायकांच्याही स्पर्धा झाल्या. फ्रान्सच्या करीन रुबीने सुवर्ण जिंकलं, शॅनन डनने कांस्य. याच हिवाळी ऑलिंपिकमधली स्की-उडी पुरुषांसाठी १९२४ पासून आहे, बायकांना मात्र ती २०१४ साली मिळाली. मधली नव्वद वर्षं ‘हे बायकांचं काम नाही’ यातच गेली.

आपल्या देशात १९४८ साली गुलमर्गला लष्कराने जवानांसाठी स्कीची शाळा काढली. आता गुलमर्गला केंद्र सरकारच्या पर्यटन खात्याची स्की शिकवणारी संस्था आहे, उत्तराखंडात औलीलाही उतार आहेत. २०२० पासून खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा होतात, त्यात स्नोबोर्डही असतो. बर्फाच्या डोंगरांवर आपल्या मराठी मुली आधीच पोहोचल्या आहेत. पुण्याच्या कृष्णा पाटील २००९ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी एव्हरेस्टवर गेल्या. साताऱ्याच्या प्रियांका मोहिते यांनी २०२१ साली अन्नपूर्णा शिखर गाठलं.

आता कुणाची लेक कॉलेजात एनसीसीतून पर्वतारोहणाच्या शिबिराला निघाली किंवा गुलमर्गला शिकायचं म्हणाली, तर काय बघायचं?

पहिल्या वर्षी फळी आणि बूट विकत घेऊ नयेत, भाड्याने घ्यावेत. फळी उभी धरली की हनुवटी ते नाकापर्यंत यावी. बूट मात्र नीट पारखून घ्यावा : उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकावीत, गुडघे वाकवल्यावर टाच उचलली जाऊ नये. हेल्मेट, मनगटाचं संरक्षक कवच आणि गॉगल हवाच. अंगाला लागून सुती कपडा नको, तो घामाने भिजतो आणि अंग गार पडतं. लोकरीचा किंवा लवकर वाळणारा कपडा आत, पाणी न शिरणारा कपडा बाहेर.

शिकताना आधी पडायला शिकायचं. नवशिक्यांची मनगटं जास्त दुखावतात, कारण पडताना आपण पंजा टेकतो. मूठ मिटून, कोपरापुढचा हात टेकून पडावं. मागे पडताना हनुवटी छातीशी घ्यावी आणि कुल्ल्यांवर बसावं. मग गुडघे वाकवून, टाचेकडच्या कडेवर भार देत, आडवी फळी हळूहळू खाली सरकवायची. थांबता आल्याशिवाय वेग घ्यायचा नाही.

प्रवेश घेण्याआधी आईने फोन करून चार प्रश्न विचारावेत. शिकवणारे कोण आहेत? राहणं, जेवण, साहित्य फीमध्ये धरलं आहे का? मुलींच्या मापाचे बूट आहेत का? जवळ दवाखाना कुठे आहे? गटाचं कर्ज देताना आपण कागद तपासतो, तसंच हे तपासायचं.

आणि सगळी उत्तरं नीट मिळाली, तर ‘मुलीच्या जातीला कशाला’ हा पाचवा प्रश्न विचारू नये. या खेळाची पहिली फळी लेकींसाठीच जोडली होती. लेक विचारायला येईल तेव्हा एवढं लक्षात असू द्या.