खेळ सुरू होण्यापूर्वी

सांगलीचं आत्याचं घर पाडायचं ठरलं तेव्हा माळ्यावरच्या सामानातून एक दोनशेपानी वही माझ्याकडे आली. वही आतेभावाची, विनूदादाची. १९९३ ते २००१ या काळात तो घराच्या पुढच्या खोलीत असेम्बल्ड कॉम्प्युटर जोडून विकत असे. सुटे भाग आणायला महिन्यातून एकदा रात्रीच्या गाडीनं मुंबईला जायचा, लॅमिंग्टन रोडवर दिवसभर हिंडायचा आणि मदरबोर्ड टॉवेलात गुंडाळून परतायचा.

वहीत हिशोब असतील असं मला वाटलं होतं. हिशोब थोडेच निघाले, बाकी पानंच्या पानं खेळांची. ‘डूम : आवाज पाहिजे तर २२०, ५, १. प्रिंटर असेल तर ७ देऊ नको.’ ‘गाड्यांचा जुना खेळ : टर्बो बंद, नाहीतर पळतो.’ ‘अल्टिमा ७ : ईएमएम काढ. वेगळी फ्लॉपी केली आहे, निळी.’ आणि शेवटून दुसऱ्या पानावर, अक्षर बिघडलेलं : ‘एरर २००. रॅम बदलली. तेच. परत बदलली. तेच. तिसरी. बोर्ड बदलला. तेच. डॉक्टरांचे पैसे परत.’

संगणकाच्या इतिहासावर मी अधूनमधून लिहीत असते. पण तो इतिहास बहुतेक वेळा कंपन्यांचा आणि त्यांच्या संस्थापकांचा असतो. दुकानातून आणलेला खेळ घरच्या यंत्रावर चालावा म्हणून कुणाला काय काय करावं लागलं, हे त्यात नसतं. ते या वहीत होतं. त्यातली एकेक नोंद उलगडायला मला दोन वर्षं लागली.

सुरुवात १२ ऑगस्ट १९८१ पासून करावी लागते. त्या दिवशी आयबीएमनं आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला. बाजारात लवकर उतरायचं म्हणून कंपनीनं बरेचसे भाग बाहेरून घेतले होते. प्रोसेसर इंटेलचा ८०८८, ४.७७ मेगाहर्ट्झचा. कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची. जादा कार्डं खोचायच्या खाचांचा तपशीलही खुला ठेवला होता. त्यामुळे कुणालाही कार्ड बनवता आलं आणि थोड्याच दिवसांत आख्खा संगणकच बनवता आला. निन्टेन्डोचं खेळयंत्र दहा घरांत गेलं तर दहाही ठिकाणी तेच यंत्र असे. पीसी दहा घरांत गेला की दहा वेगळी यंत्रं होत. विनूदादाचा धंदा या मोकळेपणावर उभा होता, आणि त्याची डोकेदुखीही त्यातूनच आलेली होती.

या नकली यंत्रांची परीक्षा कशी होई, ते मला फार गमतीचं वाटतं. ‘आयबीएम कंपॅटिबल’ असा दावा करणाऱ्या संगणकावर दोन गोष्टी चालवून बघत. एक लोटस १-२-३ हा हिशोबाचा प्रोग्राम, आणि दुसरा १९८२ मध्ये आलेला, ब्रूस आर्टविक यांनी लिहिलेला मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर. विमान उडवण्याचा खेळ ही कसोटी ठरली, कारण तो कार्यप्रणालीच्या परवानगीची वाट न पाहता थेट हार्डवेअरशी बोलत असे. रीतसर मार्गानं गेलं तर चित्र रखडे, म्हणून खेळ लिहिणारे मागच्या दारानं आत शिरत. मग मागचं दार तंतोतंत त्याच जागी नसलं की खेळ भिंतीवर आपटे.

वहीतल्या ‘टर्बो बंद’चं मूळ इथंच आहे. सुरुवातीच्या काही खेळांत वेळ मोजायला घड्याळ वापरलेलंच नसे. प्रोसेसरला रिकाम्या फेऱ्या मारायला लावायच्या आणि तेवढ्या फेऱ्या म्हणजे अमुक वेळ, असं धरून चालायचं. पुढे प्रोसेसर वेगवान झाले तसे त्या खेळांतले शत्रू आणि मोटारी डोळ्यांना दिसणार नाहीत इतक्या सुसाट पळू लागल्या. म्हणून कॅबिनेटवर टर्बोचं बटण आलं. नावावरून वाटतं की यानं यंत्र धावत असेल. यंत्राचा मूळ वेग म्हणजेच टर्बो चालू, आणि बटणाचा खरा उपयोग तो वेग कमी करण्यासाठी. शेजारच्या लाल-हिरव्या दिव्यांतला ‘६६’ किंवा ‘३३’ हा आकडा कुणी मोजलेला नसे. मागच्या जंपरवरून जोडणारा जो आकडा ठरवील तो दिसे. विनूदादानं एका हौशी गिऱ्हाइकाला ‘९९’ लावून दिल्याची नोंद वहीत आहे. पुढे कंसात ‘पार्टी खूश’.

जास्त पानं मात्र मेमरीनं खाल्ली आहेत. ८०८८ ला एकंदर एक मेगाबाइटपर्यंतच पत्ते देता येत. हा सोळा खणांचा वाडा समजा, प्रत्येक खण ६४ केबीचा. आयबीएमनं त्यातले दहा खण प्रोग्रामांना दिले आणि वरचे सहा पडदा, कार्डं आणि यंत्राच्या स्वतःच्या कामाला राखून ठेवले. दहा गुणिले चौसष्ट म्हणजे ६४० केबी. १९८१ साली हे ऐसपैस होतं. १९९४ साली यंत्रात आठ एमबी रॅम असली, तरी डॉसवरचे कितीतरी खेळ त्याच दहा खणांत दाटीवाटीनं राहत. माउसचा ड्रायव्हर, सीडीचा ड्रायव्हर आणि खुद्द डॉस हे सगळे तिथलेच भाडेकरू. खेळाला सहाशे केबी हवे असत आणि रिकामे असत पाचशे ऐंशी. पडद्यावर मेमरी अपुरी असल्याचा संदेश येई आणि गिऱ्हाईक विचारी, ‘आठ एमबी घातलेत ना तुम्ही?’ या प्रश्नाला पटेल असं उत्तर विनूदादाकडे नव्हतं. खरं तर कुणाकडेच नव्हतं.

१९९१ च्या डॉस ५ नं काही भाडेकरूंना वरच्या रिकाम्या कोनाड्यांत हलवायची सोय केली. कोणाला आधी हलवायचं याचा क्रम कॉन्फिग आणि ऑटोएक्झेक या दोन फाइलींत हातानं लिहावा लागे, आणि ओळ एक खाली-वर झाली की दहा-वीस केबी कमीजास्त होत. त्यात काही खेळांना जादा मेमरी एका पद्धतीनं हवी असे, काहींना दुसऱ्या. १९९२ च्या ‘अल्टिमा ७’ नं तर दोन्ही नाकारून स्वतःचाच मेमरी मॅनेजर आणला. त्याचं डॉसच्या ईएमएम३८६ शी जमत नसे. म्हणून ती निळी फ्लॉपी. संगणक त्या फ्लॉपीवरून सुरू करायचा, खेळायचं, मग फ्लॉपी काढून पुन्हा सुरू करायचा. विनूदादाकडे अशा अकरा फ्लॉप्या होत्या, रंगवार.

आवाजाचीही तीच तऱ्हा. कॅनडाच्या ॲडलिबचं संगीत-कार्ड १९८७ चं. सिंगापूरच्या सिम वाँग हू यांच्या क्रिएटिव्ह कंपनीनं १९८९ मध्ये साउंड ब्लास्टर आणलं, त्यावर ॲडलिबचीच यामाहा चिप बसवली आणि बोलण्याचे, गोळीबाराचे आवाजही दिले. मग ‘साउंड ब्लास्टर कंपॅटिबल’ हाच धर्म झाला. पण कार्ड नेमकं कुठं बसलंय हे खेळाला आपण सांगायचं. वहीतला २२० हा त्याचा पत्ता. ५ ही प्रोसेसरला हाक मारायची घंटा. १ हा आवाजाचा माल वाहून नेणारा मार्ग. घंटा मोजक्याच, आणि सातव्या क्रमांकाची पहिल्या प्रिंटरच्या नावे लावलेली. घंटेचा क्रमांक चुकला की बंदुकीच्या आवाजाचा पहिला तुकडाच अडकून पुन्हा पुन्हा वाजत राही. आत्या आतून ओरडायची, ‘विन्या, त्याला एकदाचं मरू दे!’

आणखी एक गोष्ट कबूल करायला हवी. आमच्याकडचे हे सगळे खेळ चोरीच्या प्रतींवरचे होते. प्रत मिळे, पुस्तिका मिळत नसे. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’मध्ये पहिला टप्पा संपला की पुस्तिकेतल्या अमुक पानावरच्या शब्दाचं आद्याक्षर विचारत, आणि चुकीच्या अक्षराचं औषध प्यायलं की राजपुत्र मरे. ती चोरांसाठीच रचलेली शिक्षा होती. पण हार्डवेअरची माहितीही त्याच पुस्तिकांत असे. आमच्याकडे पुस्तिकेच्या जागी विनूदादाची वही होती.

अमेरिकेत पुस्तिका होत्या, तरी १९९४ चा नाताळ बिघडलाच. त्या हंगामात डिस्नेनं ‘द लायन किंग’ची संवादी गोष्ट विंडोजसाठी काढली. जलद चित्रांसाठी तिच्यात मायक्रोसॉफ्टची विनजी ही नवी सोय वापरली होती. कितीतरी घरांतल्या नव्या संगणकांच्या चित्र-ड्रायव्हरशी तिचं जमलं नाही, आणि मुलांनी सीडी घातली की यंत्रं बंद पडली. मायक्रोसॉफ्टमध्ये तेव्हा खेळ-निर्मात्यांना विंडोजकडे वळवायचं काम ॲलेक्स सेंट जॉन यांच्याकडे होतं. त्यांनी ही हकिकत पुढे अनेकदा सांगितली. सांगणारा स्वतःच नायक असल्यानं मी ती थोडं मीठ वगळून घेते. पण पुढचं नोंदलेलं आहे : सेंट जॉन, क्रेग आइस्लर आणि एरिक एंगस्ट्रॉम या तिघांनी डायरेक्टएक्स घडवलं आणि १९९५ च्या सप्टेंबरअखेर, विंडोज ९५ च्या पाठोपाठ, ते बाहेर पडलं. खेळानं डायरेक्टएक्सशी बोलायचं आणि कार्डाच्या कंपनीनं त्यासाठी ड्रायव्हर द्यायचा. मागचं दार बंद झालं आणि पुढच्या दारातून पुरेशा वेगानं जाता येऊ लागलं.

डायरेक्टएक्सचं फार कौतुक होतं. मला त्याहून बोलकी वाटते ती ‘सिमसिटी’ची गोष्ट. जोएल स्पोल्स्की यांनी ती लिहून ठेवली आहे. या खेळात चूक होती : परत केलेली मेमरी तो पुन्हा वाचत असे. जुन्या विंडोजवर ते खपून जाई, नव्यावर खेळ कोसळला असता. मायक्रोसॉफ्टनं मग विंडोज ९५ मध्येच तजवीज केली, की ‘सिमसिटी’ चालू असेल तर परत आलेली मेमरी लगेच दुसऱ्याला द्यायची नाही. म्हणजे खेळागणिक नोंदी ठेवणारी एक वही विंडोजच्या पोटातही होतीच.

मागचं दार थोड्याच काळात दुसरीकडे उघडलं. १९९६ मध्ये ३डीएफएक्सचं वूडू कार्ड आलं. त्याच्याशी बोलायची भाषा, ग्लाइड, फक्त त्याचीच. २००० च्या डिसेंबरात कंपनीची मालमत्ता एनव्हिडियानं घ्यायचं ठरलं आणि केवळ ग्लाइड जाणणारे खेळ पोरके झाले.

आज हे जुने खेळ लावायचे तर २००२ पासून असलेला डॉसबॉक्स वापरतात. तो आजच्या संगणकाच्या आत एक जुना संगणक उभा करतो, आणि वेग किती ठेवायचा तेही विचारतो. तेच टर्बोचं बटण. त्याचं काल्पनिक साउंड कार्ड मुळात २२०, ७, १ वर बसवलेलं असतं. सात! प्रिंटर नसल्यामुळे आता कुणाची हरकत नाही. इंटरनेट अर्काइव्हनं २०१५ पासून हजारो डॉस खेळ ब्राउझरमध्येच चालतील असे ठेवले आहेत. ‘प्रिन्स’चे कर्ते जॉर्डन मेक्नर यांना त्या खेळाची मूळ संहिता हरवली असं वाटत होतं. २०१२ मध्ये ती त्यांच्या वडिलांना घरातल्या एका खोक्यात, जुन्या फ्लॉप्यांवर सापडली. माळे सगळीकडे सारखेच.

डॉसबॉक्सवर बसूनच मी ते शेवटून दुसरं पान सोडवलं. १९९८ मध्ये विनूदादानं एका डॉक्टरांना नवा पेन्टियम-टू जोडून दिला होता. त्यांच्या मुलाला शेअरवेअर सीडीवरचा एक लहान खेळ हवा होता. तो आधीच्या यंत्रांवर चाले, याच्यावर ‘रनटाइम एरर २००’ दाखवून बंद पडे. डॉक्टर म्हणाले, आत डुप्लिकेट माल आहे. ते गावात आणखी चार जणांना म्हणाले.

तो खेळ पास्कलमध्ये लिहिलेला होता. त्या काळी सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका पास्कल कंपायलरबरोबर जे तयार तुकडे येत, त्यांतला एक तुकडा प्रोग्राम सुरू होताच यंत्राचा वेग मोजे. घड्याळाच्या एका ठोक्यात, म्हणजे सुमारे ५५ मिलिसेकंदांत, किती रिकाम्या फेऱ्या होतात ते मोजायचं आणि ५५ नं भागायचं. उत्तर ठेवायला सोळा बिटांची जागा होती, म्हणजे ६५,५३५ पर्यंतची. साधारण २०० मेगाहर्ट्झच्या पुढच्या यंत्रांवर उत्तर त्याहून मोठं येई. प्रोसेसर भागाकार अडल्याचं कळवी आणि प्रोग्राम त्याला २०० हा क्रमांक देई : शून्यानं भागाकार. शून्यानं कुणी कशाला भागलेलंच नव्हतं. यंत्र फार चांगलं होतं, एवढंच.

विनूदादा आता एका पतसंस्थेचे संगणक बघतो. मी फोनवर त्याला हे सगळं सांगितलं. बराच वेळ तो काही बोलला नाही.

“म्हणजे रॅम चांगली होती?”

“चांगलीच होती.”

“तिन्ही?”

“तिन्ही, दादा. बोर्डसुद्धा.”

“डॉक्टर गेले गं, करोनात,” तो म्हणाला. मग थोड्या वेळानं, “वही पाठवून दे. ते पान अर्धवट राहिलंय.”