वळणसूचक दिव्यांचे दोषनिदान : एक ऐतिहासिक विचार

१

जुन्या मोटारीचा वळणसूचक दिवा बिघडला म्हणजे तो कशा रीतीने बिघडला आहे, हे अनुभवी मिस्त्री प्रथम पाहतो. दिवा मुळीच लागत नाही, लागून तसाच तेवत राहतो, की वाजवीपेक्षा घाईने उघडझाप करतो? या तीन अवस्था ही दोषाची तीन लक्षणे होत. लक्षणावरून दोष ओळखणे हे अनुमान आहे; आणि अनुमानासाठी लक्षण व दोष यांचे साहचर्य निश्चित असावे लागते. धूर दिसला असता अग्नीचे अनुमान करता येते, ते या साहचर्याच्या बळावरच.

वळणसूचक दिव्यांच्या बाबतीत मात्र हे साहचर्य काळाबरोबर बदललेले आहे. एका बाजूच्या दोन दिव्यांपैकी एक जळाला असता आजच्या मोटारीतील उरलेला दिवा दुप्पट घाईने उघडझाप करू लागतो. द्विधातूच्या पट्टीवर चालणाऱ्या जुन्या मोटारीत हाच दोष उद्भवला तर उरलेला दिवा संथ होतो किंवा उघडझाप थांबवून स्थिर तेवत राहतो. दोष एकच, लक्षणे परस्परविरुद्ध. असे का झाले याचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. जुन्या यंत्राचे दोषनिदान हे त्या यंत्राच्या काळाचे ज्ञान असल्यावाचून होत नाही, असे आमचे प्रतिपादन आहे.

२

वळणाचा पहिला संकेत म्हणजे चालकाचा हात. ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे चालक उजव्या बाजूस बसतो. उजवीकडे वळताना तो उजवा हात बाहेर काढून सरळ धरतो. येथे खूण आणि तिचा अर्थ यांत सादृश्य आहे. डावीकडे वळताना मात्र डावा हात बाहेर काढणे शक्य नसल्यामुळे उजवाच हात वर्तुळाकार फिरवावा लागतो. येथे सादृश्य लोपले आणि रूढी आली. ही खूण शिकल्यावाचून कळत नाही.

बंद टपाच्या मोटारी प्रचारात आल्यावर हात बाहेर काढणे अडचणीचे झाले. तेव्हा युरोपात मोटारीच्या खांबातून बाहेर येणारा एक लहान प्रकाशित बाहू पुढे आला. इंग्रजीत त्यास ट्रॅफिकेटर म्हणत. आत विद्युच्चुंबक, बाहेर बिजागरीवर बसवलेला बाहू, आणि त्यात सुमारे तीन वॉटचा लांबट बल्ब, अशी त्याची रचना असे. डावीकडे वळताना डावा बाहू आणि उजवीकडे वळताना उजवा बाहू वर येई. म्हणजे हाताच्या खुणेत हरवलेले सादृश्य येथे पुन्हा साधले. त्याचे दोषही शरीराच्या अवयवासारखेच होते. बिजागरी कोरडी पडली की बाहू निम्म्यावर अडे. बाहेर आलेला बाहू आत न गेल्यास चालक खांबावर आतून थाप मारी. बिजागरीत हलक्या तेलाचे दोन थेंब हा त्यावरील नेहमीचा उपाय होय.

अमेरिकेत ब्यूइक मोटारीवर १९३९ साली उघडझाप करणारे दिवे कारखान्यातच बसवून मिळू लागले. युरोपात बाहू बराच काळ टिकून राहिला. ब्रिटनमधील मॉरिस मायनर या लोकप्रिय मोटारीवरून तो १९६१ साली गेला. आपल्याकडे १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने हाताच्या खुणा ठरवून दिल्या होत्या. त्यांऐवजी यांत्रिक वा विद्युत साधन वापरण्याची मुभाही त्याच कायद्यात होती. दोन संकेतपद्धती एकाच वेळी वैध असण्याचे हे बोलके उदाहरण आहे.

वस्तू गेली तरी शब्द मागे राहतो, याचाही येथे प्रत्यय येतो. जर्मन भाषेत बाहूस 'विंकर', म्हणजे हात हलवून खुणावणारा, असे नाव होते. दिवे आल्यावर त्याची जागा 'ब्लिंकर' या शब्दाने घेतली. इटालियन बोलीत मात्र वळणाचा दिवा लावण्याला आजही 'बाण लावणे' असेच म्हणतात. बाणासारखा बाहू दृष्टीआड होऊन कित्येक दशके लोटली, तरी भाषेने तो जपून ठेवला आहे.

३

आता उघडझापेचे कारण पाहू. साध्या जुन्या फ्लॅशरमध्ये दोन भिन्न धातूंची एकत्र जोडलेली पट्टी असते. दिव्यांकडे जाणारा प्रवाह तिला तापवतो. दोन्ही धातू सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नसल्याने पट्टी वाकते आणि जोड सुटतो. दिवे विझतात, पट्टी निवते, सरळ होते, आणि जोड पुन्हा जुळतो. मिनिटाला ६० ते १२० वेळा हे चक्र व्हावे, अशी कायद्याची मर्यादा असते.

बारा व्होल्टच्या मोटारीत एका बाजूस २१ वॉटचे दोन दिवे असतात. त्यांना मिळून सुमारे साडेतीन अँपिअर प्रवाह लागतो. एक दिवा जळाला की प्रवाह निम्मा होतो. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने पट्टीला मिळणारी उष्णता चौथाईवर येते. एवढ्या उष्णतेने पट्टी पुरेशी वाकत नाही आणि उरलेला दिवा तेवतच राहतो. या स्थिर दिव्याचा अर्थ कोणी ठरवून दिलेला नाही. धुराचा अग्नीशी जसा संबंध, तसाच त्याचा जळालेल्या बल्बशी. म्हणून जळालेल्या २१ वॉटच्या बल्बच्या जागी कोणी ५ वॉटचा बसवला, तरी लक्षण बहुधा तेच राहते. पट्टीला बल्ब कळत नाही, केवळ प्रवाह कळतो.

ब्रिटिश मोटारींतील ल्यूकसच्या तप्त तारेच्या फ्लॅशरमध्ये याहून सूक्ष्म योजना होती. चालकासमोरील लहान सूचक दिव्यासाठी त्यात निराळा जोड असे, आणि दोन्ही दिव्यांचा पूर्ण प्रवाह वाहत असेल तरच तो जुळे. बाहेरचा एक दिवा जळाला की समोरचा सूचक दिवा लागत नसे. येथे दोष अभावाने सांगितला जातो. आणि अभाव हा वाचणाऱ्याला ठाऊक असेल तरच बोलतो. ही रीत माहीत नसलेला मनुष्य समोरचा छोटा बल्ब बदलत बसतो. मागचा दिवा मात्र अंधारातच राहतो.

४

१९५० नंतरच्या काही ब्रिटिश मोटारींत मागील तांबडा दिवाच थांबण्याची आणि वळण्याची अशा दोन्ही सूचना देत असे. एका शब्दाचे दोन अर्थ असावेत तशी ही स्थिती. ब्रेक दाबलेला असता वळण कसे दाखवावे, हा प्रश्न एका रिलेने सोडवलेला होता : वळणाच्या बाजूचा दिवा ब्रेकच्या प्रवाहापासून तोडून फ्लॅशरला जोडायचा. या रिलेचे जोड गंजले की वळणाचा संकेत ब्रेकच्या संकेतात बुडून जाई. त्यामुळे अशा मोटारीची तपासणी ब्रेक दाबून आणि ब्रेक सोडून, अशी दोन्ही प्रकारे करावी लागते. वळणासाठी निराळा पिवळसर नारिंगी रंग आल्यावर ही द्व्यर्थता संपली. ब्रिटनमध्ये १९६५ पासूनच्या नव्या मोटारींना तो आवश्यक झाला.

५

निदानाची पद्धती पाहू जाता ती वैयाकरणांच्या परिचयाची आहे असे दिसून येते. प्रकृतीचा अर्थ कोणता आणि प्रत्ययाचा कोणता हे ठरवताना पतंजली अन्वय व व्यतिरेक यांचा आधार घेतो : काय बदलले असता काय बदलते आणि काय तसेच राहते, हे पाहतो. मिस्त्रीही हेच करतो. फ्लॅशर आणि फ्यूज दोन्ही बाजूंना समान आहेत. दिवे, त्यांच्या तारा आणि स्विचमधील जोड हे प्रत्येक बाजूचे स्वतंत्र. एक बाजू नीट चालत असेल तर फ्लॅशर निर्दोष मानावा आणि दोष दुसऱ्या बाजूच्या स्वतंत्र भागांत शोधावा. दोन्ही बाजू बंद असतील तर दोष समान भागात असण्याचा संभव अधिक. अशा वेळी इग्निशन सुरू ठेवून, स्विच एका बाजूस वळवून, फ्लॅशरची 'बी' आणि 'एल' ही टोके तारेने जोडावीत. दिवे स्थिर लागले तर फ्लॅशर बाद झाला आहे. न लागले तर फ्यूज, स्विच किंवा तारा तपासाव्यात.

जुन्या मोटारीतील सर्वांत फसवा दोष अर्थिंगचा. दिव्याच्या बैठकीखाली गंज चढला की प्रवाहाला परतीचा मार्ग उरत नाही. तो शेजारच्या दिव्याच्या तंतूतून वाट काढतो आणि उघडझापेबरोबर मागचा दिवाही मंद चमकू लागतो. येथे बल्ब बदलून उपयोग नाही. बैठक घासून धातू उघडा करावा लागतो.

तारांच्या रंगांनाही अर्थ असतो. ल्यूकसच्या पद्धतीत डाव्या दिव्यांची तार हिरवी-तांबडी, उजव्यांची हिरवी-पांढरी आणि अर्थिंगची काळी. परंतु अनेक हातांतून दुरुस्त झालेल्या मोटारीत हाती लागेल त्या रंगाची तार जोडलेली आढळते. हस्तलिखितातील प्रक्षेपांप्रमाणे येथेही मूळ कोणते आणि मागाहून घातलेले कोणते हे आधी ठरवावे लागते. रंगावर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही.

६

१९७० नंतरच्या दशकांत इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर रूढ झाला. त्यात उघडझापेचा वेग दिव्यांच्या प्रवाहावर अवलंबून नसतो. त्यामुळे बल्ब जळाल्याची वार्ता आपोआप प्रकट होईना. ती मिळावी म्हणून रचनाकारांनी प्रवाह मोजणारी योजना मुद्दाम घातली आणि प्रवाह घटला की वेग वाढावा असे ठरवले. पूर्वी जे कार्य-कारणाने घडत होते ते आता ठरावाने घडू लागले. आपल्या भाषेत 'संकेत' या शब्दाचे खूण आणि ठराव असे दोन्ही अर्थ आहेत. त्यांपैकी दुसरा अर्थ येथे पहिल्यावर आरूढ झाला.

ठरावाने आलेले लक्षण चुकीची वार्ताही देऊ शकते. अशा मोटारीत एलईडी दिवे बसवले की प्रवाह फार कमी लागतो, आणि सर्व दिवे धडधाकट असतानाही घाईची उघडझाप सुरू होते. तेच दिवे जुन्या द्विधातूच्या फ्लॅशरला जोडले तर पट्टी तापतच नाही आणि दिवे स्थिर राहतात. दोन्ही ठिकाणी बल्ब निर्दोष आहेत. दोन काळांचे घटक एका वाक्यात आणल्यामुळे वाक्य बिघडले आहे.

मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवर आधारलेली अॅम्बॅसेडर उत्तरपाडा येथे अर्ध्या शतकाहून अधिक काळ, २०१४ पर्यंत, तयार होत होती. एवढ्या दीर्घ आयुष्यात मोटारीचे नाव तिच्यातील फ्लॅशरचा काळ सांगू शकत नाही; फ्लॅशर काढून पाहावा लागतो. बिघडलेला वळणदिवा ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. मागून येणारा मनुष्य त्या दिव्यावर विसंबून आपला वेग ठरवतो, आणि स्थिर राहिलेल्या दिव्याचा अर्थ तो ब्रेक असाही लावू शकतो. म्हणून लक्षण पाहताच बल्ब किंवा फ्लॅशर बदलण्यापूर्वी हे लक्षण कोणत्या काळाच्या पद्धतीतील आहे, हा प्रश्न विचारला पाहिजे. जुन्या ग्रंथातील शब्दाला आजचा अर्थ लावू नये, हा नियम आपण विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षी शिकवतो. तो जुन्या यंत्रांनाही तितकाच लागू आहे.