साखरेचा अंगरखा

वाढदिवसाचा केक वाटून झाला, की बशा गोळा करताना एक गोष्ट हमखास दिसते. केक संपलेला असतो आणि बशीच्या कडेला गुलाबी-निळ्या साखरेच्या जाड साली उरलेल्या असतात. केकवरची मोटार किंवा बाहुली मुलं भांडून मागून घेतात, एक चावा घेतात आणि ठेवून देतात. या सालीचं नाव फाँडंट. घरी केक करणाऱ्या अनेक जणी मला विचारतात, की दिसायला असंच गुळगुळीत, पण खायला बरं लागेल असं काही केकवर घालता येणार नाही का? येईल. किंबहुना, चवदार आवरणं आधीपासूनच होती. म्हणून या प्रश्नाचं उत्तर मी जरा मागे जाऊन देणार आहे.

आधी नावाचा घोळ सांगतो. फाँडंट हा फ्रेंच शब्द आणि त्याचा अर्थ ‘वितळणारं’. फ्रेंच हलवायांचं मूळ फाँडंट खरोखरच वितळायचं. साखरेचा पाक साधारण ११५ अंश सेल्सियसपर्यंत, म्हणजे आपल्या भाषेत गोळीबंद होईपर्यंत उकळायचा, थोडा निववायचा आणि पांढराशुभ्र, मऊ होईपर्यंत घोटत राहायचा. घोटल्यामुळे साखरेचे कण इतके बारीक होतात, की जिभेवर ते जाणवत नाहीत. हे कोमट करून एक्लेअरवर ओतायचं. आज पोळीसारखं लाटून केकवर पांघरतात ते मात्र वेगळं प्रकरण आहे. त्यात पिठीसाखर, ग्लुकोज, जिलेटिन, ग्लिसरीन आणि थोडी वनस्पती चरबी असते. ते ताणावं, फाटू नये, आकार धरावा, यासाठी ही योजना. वितळणं त्याच्याकडून अपेक्षितच नाही. शिवाय जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनतं, हे शाकाहारी घरांतून आवर्जून पाहावं लागतं.

या लाटण्याच्या साखरेची आजी सोळाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये सापडते. पिठीसाखरेत ट्रॅगाकँथ नावाचा डिंक मिसळून कणकेसारखा गोळा मळायचा आणि त्याच्या बशा, पेले, फळं बनवायची. मेजवानी झाली, की पाहुण्यांनी त्या बशाच मोडून खायच्या! साखर तेव्हा महाग होती. ती अशी उधळता येते, हे दाखवण्यातच यजमानाची ऐट होती. चवीचा विचार तेव्हाही दुय्यमच असावा, असं मला वाटतं.

चवीचा विचार करणारी बाई भेटते ती १७६९ मध्ये. एलिझाबेथ रॅफल्ड तिचं नाव. चेशरमधल्या आर्ली हॉल या वाड्यावर ती घरव्यवस्था पाहत असे. पुढे तिनं मँचेस्टरला दुकान काढलं आणि ‘द एक्स्पीरियन्स्ड इंग्लिश हाउसकीपर’ हे पाकशास्त्राचं पुस्तक लिहिलं. लग्नाच्या केकवर बदामाचा थर आणि त्यावर साखरेचा थर, ही जोडी छापील रूपात प्रथम तिच्याकडे आढळते. बदाम गुलाबपाण्यात वाटायचे, फेसलेल्या अंड्याच्या पांढऱ्यात साखरेबरोबर मिसळायचे आणि भाजलेल्या केकवर थापायचे. त्यावर साखर, थोडा स्टार्च आणि अंड्याचं पांढरं यांचा शुभ्र लेप. मला या बाईचं कौतुक वाटतं ते यासाठी, की तिनं काम दोन थरांत वाटून दिलं. देखावा वरच्या थरानं सांभाळायचा आणि चव खालच्या थरानं. बदामाच्या थराचा आणखी एक उपयोग होता. मनुका-बेदाण्यांच्या काळसर केकचा ओलावा वर झिरपून पांढऱ्या साखरेवर डाग पाडत नसे.

ती साखर कुठून येत होती, तेही सांगायला हवं. कॅरिबियन बेटांवरच्या मळ्यांतून, आफ्रिकेतून पकडून नेलेल्या गुलामांच्या श्रमांतून. १७९१ मध्ये गुलामांच्या व्यापारावर बंदी घालणारं विधेयक ब्रिटिश संसदेनं फेटाळलं, तेव्हा हजारो घरांनी ही साखर खाणं सोडलं. त्यात पुढाकार बायकांचा होता. काहींनी त्याऐवजी हिंदुस्थानातून येणारी साखर घेतली. पुढे तर ‘गुलामांनी न बनवलेली’ असं लिहिलेली साखरेची भांडीसुद्धा विकली जात.

१८४० मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या लग्नात सुमारे ३०० पौंडांचा, म्हणजे जवळजवळ १३५ किलोंचा शुभ्र केक होता. पांढरा केक ही प्रतिष्ठेची खूण ठरली. १८७४ मध्ये ब्रिटननं साखरेवरचा आयातकर उठवला आणि साखर स्वस्त झाली. मग राजवाड्यातली हौस सामान्य घरांतही आली. अंड्याच्या पांढऱ्याचं हे रॉयल आयसिंग वाळलं, की चुन्याच्या गिलाव्यासारखं टणक होतं. सुरी चालवताना मेजही हलावं!

मग युद्ध आलं. १९४० मध्ये ब्रिटनमध्ये साखरेचं रेशनिंग सुरू झालं आणि केकवर साखर घालण्यालाच सरकारनं बंदी केली. लग्नं तर थांबत नव्हती. तेव्हा लोकांनी काय करावं? पुठ्ठ्याचा किंवा प्लास्टरचा पांढरा, नक्षीदार, मजल्यामजल्यांचा पोकळ केक भाड्यानं आणावा, आत चिमुकला खरा केक ठेवावा आणि फोटो काढून घ्यावा. केकचं आवरण खाण्यासाठी नसतं, ही गोष्ट इतक्या स्पष्टपणे त्याआधी कुणी कबूल केली नसेल. साखरेचं रेशनिंग उठायला १९५३ साल उजाडलं. पुढच्या काळात ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेत रुळलेलं लाटायचं आयसिंग इंग्लंडमध्येही आलं. टणक गिलाव्यापेक्षा ते मऊ होतं आणि कापायला सोपं, त्यामुळे लोकांनी आनंदानं स्वीकारलं. आपल्याकडे पोचलं ते हेच.

आता पर्याय. अमेरिकेत लोणी आणि पिठीसाखरेच्या बटरक्रीमची परंपरा आहे. शिकागोत ड्यूई मॅकिन्ली विल्टन यांनी १९२९ मध्ये केक सजवण्याचे वर्ग सुरू केले आणि हे क्रीम पिळून फुलं काढण्याची कला घरोघर गेली. २०१८ मध्ये ब्रिटनचे राजपुत्र हॅरी यांच्या लग्नात लिंबू आणि एल्डरफुलांच्या केकवर बटरक्रीम आणि ताजी फुलं होती. राजघराण्यानंसुद्धा टणक साखर बाजूला ठेवली, असं म्हणायला हरकत नाही. मात्र लोणी साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळतं, हे आपल्या मे महिन्यात विसरून चालणार नाही.

उन्हाळ्यात मला गनाश जास्त भरवशाचं वाटतं. गरम सायीत चॉकलेट विरघळवायचं, बस्स. केकवर लिंपायचं असेल तर दोन भाग गडद चॉकलेटला एक भाग साय घ्यावी. पांढरं चॉकलेट असेल तर तीन भागांना एक. निवल्यावर गरम पाण्यात बुडवून पुसलेल्या सुरीनं फिरवलं, की काचेसारखं गुळगुळीत होतं.

आणि अगदी फाँडंटसारखंच लाटायचं असेल, तर रॅफल्डबाईंच्या बदामाकडे परत जावं. स्वीडनमध्ये ‘प्रिन्सेस्टोर्टा’ नावाचा केक आहे. आत स्पंज आणि साय, वर हिरव्या मार्झिपॅनची पातळ पोळी. त्याची साल कुणी बशीत सोडत नाही. गोव्यातल्या आणि मुंबईतल्या ख्रिस्ती घरांत नाताळ-ईस्टरला करतात ते मार्झिपॅन पुष्कळदा बदामाऐवजी काजूचं असतं. काजूचं झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलं आणि कोकणपट्टीनं ते आपलंसं केलं. काजू वाटून साखर आणि गुलाबपाण्याबरोबर गोळा कढई सोडेपर्यंत आटवायचा. काजूकतली करणाऱ्या बाईला यात नवं काहीच नाही. गोळा कोमट असतानाच मळून प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये पातळ लाटावा, केकला जर्दाळूचा जॅम पुसावा आणि वरून पोळी पांघरावी. कडा दाबताना घाई केली तर चिरते. चिरलीच, तर बोटाला थोडं तूप लावून सांधावी.